न घडलेल्याचं बिल

पाटीवर लिहिलंय : संचालक मंडळ.
पाटी कृषी केंद्राच्या जिन्याला टांगलेली,
वर यायचं तर युरियाच्या पोत्यांना वळसा.
वडनेरच्या स्टँडवर आमचा पत्ता विचारा,
पानठेल्यावाला बोट दाखवतो :
'ते का, आग लागाच्या आंधी येनारे?'

आम्ही चौघं.
तेजराम राखुंडे, तीस वर्षं बॉयलरपाशी काढलेला,
बोलतोही तसाच, बराच वेळ चुप्प, मग एकदम वाफ.
वनमाला उईके. जिन सुरू असताना ती डोळे मिटते
आणि सांगते, तीन नंबर, डावीकडचं बेअरिंग, आठ दिवस.
इरफान काझी हिशेब बघतो; नाही म्हणायचं कामही त्याचंच.
मी तक्ते भरतो.

पाच आडवी घरं, पाच उभी.
व्हायची शक्यता गुणिले झाल्यावरचं नुकसान,
मग रंग : हिरवा, पिवळा, लाल.
सांगायला सोपं.
चार वर्षांमागे एका शेडसाठी शक्यतेला वनमाला तीन म्हणाली,
तेजराम एक.
तासभर वाद, चहा गार.
तेजराम वयानं मोठा. मी एक लिहिला.
माघात ती शेड जळाली.
माणसं वाचली, एकाच्या दंडाची कातडी सोडून.
त्यानंतर तेजराम कुठल्याच घरात एक लिहू देत नाही.
पगारपत्रकावर पहिला नंबर त्याचा,
तिथंही आधी दुसऱ्या कोणाचं नाव टाकायला लावतो.

यंदा लुणावतांच्या जिनिंगमध्ये
कापूस ओढणाऱ्या पाइपाला आम्ही चुंबक बसवलं.
हंगाम अर्ध्यावर आला. पहिलं बिल नेलं, संध्याकाळी,
गाड्यांची रांग फाटकाबाहेर डांबरीपर्यंत.
शेठ चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
'झालं का? काहीच नाही. मंग पैसे कायचे?'

इरफाननं तोंड उघडलं, तोच
वनमालानं पिशवीतून डालड्याचा डबा काढला,
टेबलावर पालथा केला.
विळ्याचं मोडकं पातं. खिळे. सायकलची चेन, सात कड्या.
बैलाची अर्धी नाल.
चुंबकानं दोन महिन्यांत धरलेलं सगळं, सव्वा किलो.
शेठ हसले, 'भंगार काय भाव हाय आजकाल?'
कोणीच हसलं नाही. म्हणजे मी थोडासा हसलो.

मग तेजराम उठला.
ट्यूब बंद केली. चाचपडत नाल उचलली
आणि उंबऱ्याच्या दगडावर तिरपी हाणली.

ठिणगी उडाली, पडली, विझली.
पण तेवढ्या उजेडात
शेठच्या बाहीला चिकटलेला कापसाचा पुंजका
आम्हा सगळ्यांना दिसला. शेठनाही.
'एक,' अंधारात तेजराम म्हणाला.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

अर्धं बिल मिळालं. अर्धं होळीनंतर.
इरफान वाटेत दोनदा म्हणाला, नाल परत घ्यायची होती.

नाल्याच्या पुलावर वनमालानं गाडी थांबवली.
इंजिन बंद, काचा खाली, थंडी आत.
मागं लुणावतांची प्रेस गाठी दाबत होती,
हिवाळ्याच्या हवेत तिचा धक्का इथवर येतो,
छातीत आधी, कानात मग.
ती डोळे मिटून बसली. तेजराम बिडी न पेटवता
नुसता बोटांत फिरवत राहिला.

'काय ऐकू येते?' मी विचारलं.
'काही नाही.'

मी वही काढली, तारीख घातली.
शेऱ्याच्या रकान्यात जागा फार कमी असते.
काही नाही,
एवढं मावतं.